खानापूरहून बेळगावला थेरपीसाठी यायचंय, सेंटर कसं पारखायचं?

ताई, तुमचा प्रश्न असा आहे: मुलगा साडेतीन वर्षांचा, ऑटिझमचं निदान नुकतंच झालंय, घरी मराठी, राहायला खानापूर. बेळगावातलं एक सेंटर रोज चार तास आणि सहा महिन्यांचे पैसे आगाऊ मागतंय, 'पहिलीत जाईपर्यंत नॉर्मल करून देऊ' म्हणतंय. दुसरं आठवड्याला तीनच सेशन देतंय आणि दर वेळी आईनं आत बसायचं म्हणतंय. कुठं घालावं?

पैसे भरले नसतील तर थांबा. माझं मत दुसऱ्या सेंटरकडं आहे. का, ते सांगते.

माझा मुलगा आता नऊ वर्षांचा आहे. आम्ही वडगावात राहतो, शेजारी मागांचे कारखाने. त्या खटखटीत तो शांत झोपायचा आणि कुकरची शिट्टी झाली की कान दाबून ओरडायचा. निदान झालं तेव्हा तोही तुमच्या मुलाएवढाच होता, आणि आम्ही पहिलं जे सेंटर मिळालं तिथं घातलं. 'आई दिसली की मूल काम करत नाही, बाहेर बसा,' असं सांगितलं. मी चार महिने बाहेरच्या बाकावर बसले. महिन्याच्या कागदावर 'सिटिंग' पाच मिनिटांवरून पंचवीस मिनिटांवर गेलेलं दिसायचं, आम्हाला बरं वाटायचं. घरी मात्र निळी प्लास्टिकची खुर्ची दिसली की तो कॉटखाली जाऊन बसायचा. एक दिवस त्याची पाण्याची बाटली द्यायला मी आत गेले, तर तिथल्या एका ताईनं त्याचे खांदे खुर्चीला दाबून धरले होते आणि दुसरी कार्ड दाखवत होती. पंचवीस मिनिटं ती अशी होती. त्या दिवसानंतर आम्ही गेलो नाही. बाहेर बसलेले ते चार महिने मला अजून छळतात.

म्हणून आत बसू देतात का, हे सगळ्यात आधी विचारा. काचेतून किंवा कॅमेऱ्यावर दाखवतो म्हणाले तर तेही चालेल, पण आठवड्यातून एकदा तरी प्रत्यक्ष आत. मूल त्यांच्याकडं दोन-चार तास असतं, बाकीचा दिवस आपल्याकडं. तिथं जे चालतं ते आपल्या हाताला आलं नाही तर ते तिथंच राहतं.

हे मला 'वॉटर'वरून कळलं. त्या सेंटरमध्ये तो पाण्याचं कार्ड दहापैकी नऊ वेळा बरोबर उचलायचा. घरी तहान लागली की तांब्याजवळ उभा राहून हात चावून घ्यायचा. आज्जी म्हणायची 'पाणी', कार्ड म्हणायचं 'वॉटर', आणि तिथल्या ताई आपसात बोलायच्या कन्नडमध्ये. त्याच्या लेखी त्या टेबलावरच्या कार्डाचा आणि या तांब्याचा काही संबंधच नव्हता. वर आम्हाला सांगितलेलं, 'घरात एकच भाषा ठेवा, इंग्लिश ठेवा, नाहीतर गोंधळतो.' आम्ही ऐकलं. सासूबाईंना इंग्लिश येत नाही, त्यामुळं त्या नातवाशी बोलायच्याच बंद झाल्या. पुढं वाचलं तेव्हा कळलं की दोन भाषांच्या घरात वाढल्यानं ऑटिझम असलेल्या मुलांचं बोलणं मागं पडतं असं अभ्यासांत आढळलेलं नाही. सीमाभागात तर घरची मराठी, रस्त्यावरची कन्नड, शाळेची इंग्लिश हे प्रत्येक पोराच्या नशिबी आहेच.

आताच्या आमच्या स्पीच थेरपिस्ट कन्नड घरातल्या आहेत. पहिल्याच दिवशी त्यांनी मला वही दिली आणि घरात रोज वापरतो ते वीस शब्द लिहून आणायला सांगितले, आज्जी म्हणते तसेच. पाणी, दे, नको, पुरे, झालं, वर, चल. त्यातला 'नको' आधी घेतला. मी म्हटलं, नकार कशाला शिकवायचा? त्या म्हणाल्या, नको सांगता येत नाही म्हणूनच तो चावतो. तळहात पुढं करून 'नको' दाखवलं की समोरची वस्तू लगेच बाजूला, एवढंच आम्ही घरी-दारी सगळ्यांनी पाळलं. हात चावणं एका महिन्यात अर्ध्यावर आलं. शब्द तोंडातून यायला आणखी वर्ष लागलं. मधल्या काळात चित्रांवर बोट ठेवून बोलायचा. आयआयटी मुंबईनं केलेलं जेलो नावाचं चित्रांचं ॲप मराठीत आहे. चित्रं वापरली तर मूल बोलणार नाही ही भीती कुणी घातली तर मनावर घेऊ नका. तेव्हा थेरपिस्ट मराठी आहे की कन्नड, यावर अडू नका. तुमच्या घरचे शब्द ती विचारते का, ते बघा.

उरलेलं चावणं कशामुळं, तेही सांगते, कारण 'बिहेवियर', म्हणजे वागण्यातला दोष, हा शब्द फार पटकन चिकटवतात. त्याची मागची दाढ किडली होती. दुखतंय हे त्याला सांगता येत नव्हतं. चांगला थेरपिस्ट आधी विचारतो: असं करण्याच्या आधी काय झालं, त्यानं नेमकं काय केलं, नंतर त्याला काय मिळालं. पंधरा दिवस तुमच्याकडून हे लिहून घेतो. आणि त्याआधी कान, दात, पोट, झोप तपासून या म्हणतो. बोलत नसलेल्या मुलाची ऐकण्याची तपासणी झालीच पाहिजे. हे काहीच न विचारता पहिल्या दिवशी पॅकेजचा कागद पुढं आला तर उठून या.

रोज चार तासांबद्दल. 'जितके तास जास्त तितकं बरं' ही समजूत बरीचशी अमेरिकेतल्या इवार लोवास यांच्या 1987 च्या अभ्यासातून आली. त्यात 19 मुलांना आठवड्याला 40 तासांपर्यंत एकेकट्यानं शिकवलं होतं आणि त्यातली 9 मुलं शाळेत इतरांसारखी चालली असं मांडलं होतं. पण ही मुलं आणि तुलनेसाठी घेतलेली मुलं असे गट चिठ्ठ्या टाकून पाडलेले नव्हते, त्यामुळं फरक शिकवण्यामुळंच पडला असं ठाम म्हणता येत नाही, आणि त्या काळच्या पद्धतीत ओरडणं, मांडीवर चापट मारणंही होतं. त्यानंतर पुष्कळ बदललं. लहान मुलांना खेळता खेळता, जमिनीवर बसून, त्यांच्या आवडीच्या मागं जाऊन शिकवायच्या पद्धती आल्या, आणि मोठ्या झालेल्या ऑटिस्टिक माणसांनी जुन्या पद्धतीचा त्रास उघड सांगितला. हात फडफडवणं थांबवणं, डोळ्यांत बघायला लावणं ही ज्यांची पहिली उद्दिष्टं असतात, त्यांच्याकडं मी माझं मूल नेणार नाही. ऑटिझम जन्मभराचा असतो. मूल खूप शिकतं, पण 'नॉर्मल करून देतो' असं लिहून देणारा माणूस खरं बोलत नाही. स्टेम सेलच्या इंजेक्शननं ऑटिझम बरा करतो म्हणणाऱ्या जाहिरातीही त्यातल्याच.

शिक्षण विचारायला लाजू नका. स्पीच थेरपिस्ट, स्पेशल एज्युकेटर, क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट यांची नोंद भारतीय पुनर्वास परिषदेकडं, म्हणजे आरसीआयकडं असते, आणि नोंदणी क्रमांक त्यांच्या वेबसाइटवर पडताळता येतो. 'बिहेवियर थेरपिस्ट' ही पाटी मात्र कुणीही लावू शकतो. त्यातला आरबीटी नावाचा कोर्स 40 तासांचा असतो आणि तो वरच्या तज्ज्ञाच्या देखरेखीखाली काम करण्यासाठी असतो. म्हणून सरळ विचारा: कार्यक्रम कोण आखतं, मुलासोबत रोज कोण बसतं, आणि पहिली व्यक्ती दुसरीचं काम किती दिवसांनी येऊन बघते. फोटो भिंतीवर आणि माणूस बेंगळूरमध्ये, असं असेल तर नको.

सरकारी वाट सोडू नका. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली जिल्हा पातळीवर लहान मुलांसाठी शीघ्र हस्तक्षेप केंद्र असतं, बिम्समध्ये, म्हणजे बेळगावच्या सरकारी मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात, चौकशी करा. धारवाडची डिमहान्स ही मानसिक आरोग्याची सरकारी संस्था आपल्याला जवळ आहे. बोलण्याच्या सखोल तपासणीसाठी मैसूरची आयश, म्हणजे वाचा आणि श्रवणाची केंद्र सरकारची संस्था, आहे. लांब पडते, पण तिथून घरी करायचा कार्यक्रम घेऊन येता येतो. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या 21 प्रकारांत ऑटिझम आहे, तेव्हा यूडीआयडी, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, काढा. ते देशभर चालतं, त्यामुळं निपाणीकडचे लोक मराठीसाठी कोल्हापूरला उपचार घेतात त्यांनाही ते उपयोगी पडतं. नॅशनल ट्रस्ट या केंद्र सरकारच्या संस्थेच्या निरामय आरोग्य विम्यात वर्षाला 1 लाखापर्यंत संरक्षण आहे, थेरपीचा खर्चही ठरावीक मर्यादेत मिळतो. थेरपीच्या पावत्या जपून ठेवा.

तुम्हाला खानापूरहून रोज जाऊन-येऊन पन्नासेक किलोमीटर पडतील. साडेतीन वर्षांचं पोर त्या प्रवासानंतर चार तास काय शिकणार? तीन सेशन आणि घरी रोज जेवताना, आंघोळीला, अंगणात तेच शब्द, हे जास्त लागू पडेल असं मला मनापासून वाटतं. पैसे महिन्याचे महिन्याला द्या.

आणि बघायला जाल तेव्हा त्याचा घरचा पाण्याचा पेला किंवा तांब्या सोबत न्या. त्याला तहान लागेल तेव्हा आतली ताई काय करते, ते शांतपणे बघत बसा.