घर गहाण ठेवायच्या आधी

मुलीला वैमानिक करायला घर गहाण ठेवावं का, असं विचारणारं तुमचं पत्र चांगलं लांबलचक आहे. कर्ज, व्याज, घराची कागदपत्रं, प्रशिक्षण संस्थेचं माहितीपत्रक, सगळं त्यात आलंय. मुलीबद्दल मात्र एकच ओळ: "तिला यंत्रं खोलत बसायचा नाद आहे, पण त्यात कसलं भविष्य?" ती ओळ मी तीनदा वाचली. तिला वैमानिक व्हायचंय, असं पत्रात कुठेच नाही. तुम्हाला व्हायचं होतं, हे पहिल्याच परिच्छेदात आहे. राग मानू नका, पण हे घर तुम्ही तिच्या स्वप्नासाठी गहाण ठेवत नाही आहात.

परीक्षांची मला काळजी नाही. भौतिकशास्त्र-गणित तिचं पक्कं आहे; वैद्यकीय तपासणी, लेखी परीक्षा, साधारण 200 तासांचं उड्डाण, मग परवाना.

काळजी वाटते ती तुमच्या हिशेबाची. तिकिटं स्वस्त झाली, प्रवासी वाढले, म्हणजे वैमानिकाचा पगारही वाढतच जाणार, असं तुम्ही धरून चाललाय. पण तिकीट स्वस्त झालं ते कशातून? इंधनाचा भाव कंपनीच्या हातात नसतो. विमान जमिनीवर किती वेळ उभं राहतं आणि माणसांवर किती खर्च होतो, हे मात्र असतं. अमेरिकेत 1978 साली भाड्यांवरचं सरकारी नियंत्रण उठवायचा कायदा झाला, युरोपात 1997 पर्यंत बाजार पूर्ण खुला झाला, आणि कात्री तिथेच लागली. सामान चढवणारे कंत्राटी झाले. काही कंपन्यांत दोन उड्डाणांच्या मधे केबिन क्रूच आसनं साफ करतात. विशिष्ट विमानाचं प्रशिक्षण, म्हणजे टाइप रेटिंग, पूर्वी बहुतेकदा कंपनीच्या खर्चाने व्हायचं. आता अनेक ठिकाणी ते नवख्या वैमानिकाच्या खिशातून होतं. उड्डाणाचे तास मिळावेत म्हणून उलट पैसे मोजणारेही आहेत. 2009 साली अमेरिकेत बफेलोजवळ विमान पडून 50 माणसं गेली. चौकशीच्या सुनावणीत सहवैमानिकेचा पगार सांगितला गेला वर्षाला जेमतेम 16,000 डॉलर; कंपनीने नंतर तो याहून जास्त असल्याचं म्हटलं. आदल्या रात्री ती कामाच्या तळावर पोहोचण्यासाठी देशाच्या दुसऱ्या टोकाहून रात्रभर प्रवास करत आली होती.

सगळीकडे असंच आहे असं नाही. अमेरिकेतली साउथवेस्ट तर स्वस्त भाड्यांची आद्य विमान कंपनी. पण तिथे संघटना भक्कम आणि नफ्यात कामगारांना वाटा. आयर्लंडच्या रायनएअर या तशाच स्वस्त कंपनीने मात्र वैमानिकांच्या संघटनांना मान्यता द्यायची तयारी दाखवली ती थेट डिसेंबर 2017 मध्ये, तीही संपाच्या इशाऱ्यानंतर. ज्येष्ठ कॅप्टनला चांगलाच पगार मिळतो, नाही कोण म्हणतं! पण माहितीपत्रकावर फोटो त्याचा असतो, आणि हप्ते सुरू होतात नवख्याचे. मधेच मंदी आली की भरती थांबते, हप्ते थांबत नाहीत.

आता त्या "नादा"बद्दल. विमानाची देखभाल करणारे परवानाधारक अभियंते असतात. त्यांच्या सहीशिवाय दुरुस्त झालेलं विमान उडत नाही. तिथेही कामं बाहेरच्या कंपन्यांकडे गेलीत, रात्रपाळ्या आहेत, सहीची जबाबदारी जड आहे. पण प्रशिक्षणाचा खर्च वैमानिकापेक्षा बराच कमी, आणि कामाची आवड तिला आत्ताच आहे.

संस्थेला आगाऊ रक्कम अजून दिली नसेल तर देऊ नका. आणि पुढचं पत्र तिला लिहू द्या. तुम्ही सांगायचं नाही, वाचायचंही नाही. दोन ओळी आल्या तरी चालतील.