सोलापुरात राहून नव्या लेखकांची कोणती मराठी नाटकं पाहावीत, वाचावीत?

तुमचा प्रश्न मला असा कळला: राहता सोलापुरात, वडिलांमुळे घरात कानेटकर-कालेलकर, कॉलेजात तेंडुलकर-एलकुंचवार वाचून झाले, आता गेल्या दहा-पंधरा वर्षांत पुढे आलेल्या लेखकांची नाटकं हवीत. आणि वडील म्हणतात, "हल्लीच्या नाटकात काही राम राहिला नाही." वडिलांचं शेवटी बघू.

आधी माझं थोडं सांगतो, म्हणजे सल्ला कितपत मानायचा ते ठरवता येईल. दिवसा टॉवेलच्या कारखान्यात हिशेब लिहितो, रात्री हौशी ग्रुपच्या तालमीला म्युझिक ऑपरेट करतो. रंगमंचावर आयुष्यात एकदाच गेलो, पोस्टमन म्हणून, आणि पत्र न देताच परत आलो. तेव्हापासून विंगेतच आहे. विंगेतून नटांचे चेहरे अर्धेच दिसतात, वाक्यं मात्र सगळी कानावर पडतात. त्यामुळे नट कोण यापेक्षा लिहिलंय कुणी, हे मी आधी बघतो.

पहिलं नाव 'संगीत देवबाभळी'. लेखक-दिग्दर्शक प्राजक्त देशमुख, नाशिकचे. आधी एकांकिका होती, २०१७ च्या अखेरीस पूर्ण नाटक झालं. तुकोबांना भाकरी घेऊन निघालेल्या आवलीच्या पायात काटा रुततो, तो विठ्ठल काढतो, आणि जखम भरेपर्यंत तिच्या घरी राबायला रखुमाईला पाठवतो. रखुमाई तिथे लखूबाई होऊन येते. नाटकभर या दोघीच. एकीचा नवरा देवामागे लागलेला, दुसरीचा नवरा भक्तांच्या मागे. आवली चुलीपुढे बसून विठ्ठलाला शिव्या घालतेय आणि त्याचीच बायको शेजारी बसून ऐकतेय. एवढ्या एका जागेवर अख्खं नाटक उभं आहे!

आपल्याकडच्या माणसाला हे जास्त भिडतं, असं माझं मत. पंढरपूर आपल्याच जिल्ह्यातलं. दिंडीरवनात रुसून बसलेल्या रुक्मिणीची गोष्ट आपण आजीकडून ऐकलेली असते, लखूबाईचं देऊळ पाहिलेलं असतं. पण ती रुसली म्हणजे तिच्या मनात नेमकं काय होतं, हे कुणी विचारलेलं नसतं. मी हा प्रयोग पुण्यात पाहिला. शुभांगी सदावर्ते आवली, मानसी जोशी रखुमाई. शेजारच्या खुर्चीतल्या आजी मध्यंतरात आपल्या सुनेला म्हणाल्या, "बरं झालं बाई, कुणीतरी बोललं." २०२३ च्या नोव्हेंबरात त्याचा निरोपाचा प्रयोग झाला. पुन्हा कधी लागल्याचं कानावर आलं तर रजा टाकून जा. तोवर संहिता मिळवून वाचा, आणि मोठ्याने वाचा. त्यातली बोली डोळ्यांनी वाचली तर निम्मीच कळते.

दुसरं अगदी वेगळ्या जातीचं, 'शिवाजी अंडरग्राउंड इन भीमनगर मोहल्ला'. २०१२ चं आहे, म्हणजे आता तसं नवं राहिलं नाही, पण तुमच्या दहा-पंधरा वर्षांत बसवून घेतो. लेखक राजकुमार तांगडे जालना जिल्ह्यातले, शेती करणारे. कल्पना शाहीर संभाजी भगत यांची, दिग्दर्शन नंदू माधव यांचं, आणि नटांमध्ये जालन्याकडची शेतकऱ्यांची पोरं. यम शिवाजी महाराजांना न्यायला येतो, माणूस घेऊन जातो, पण विचार खालीच राहतात. मग जिरेटोप हातात घेऊन, तो बसेल असं डोकं शोधत यम फिरत बसतो. प्रेक्षक पोट धरून हसत असतात आणि मधेच एखाद्या वाक्याला अख्खं सभागृह गप्प होतं. मराठवाड्याची बोली आहे, आपल्या कानाला परकी नाही. तांगड्यांचंच 'आकडा' हे वीजचोरीवरचं नाटक आहे. गावाकडे ज्याचं घर आहे त्याला शीर्षकावरूनच सगळं कळलं असेल!

मनस्विनी लता रवींद्र यांचं 'अमर फोटो स्टुडिओ' २०१६ मध्ये आलं, दिग्दर्शन निपुण धर्माधिकारी. फोटो काढायला गेलेलं भांडकुदळ जोडपं भलत्याच काळात जाऊन पडतं. ऐकायला पोरखेळ वाटतो, पण आत दुखणारं काहीतरी आहे. पूर्वी प्रेमात पडायचं म्हणजे किती जोखीम होती आणि आता सगळं सोपं झाल्यावर आपण नेमके कशाला घाबरतो, याविषयीचं ते नाटक आहे. तुमचं वय तिशीच्या आत असेल तर सुरुवात इथून करा.

बायकांनी लिहिलेली नाटकं व्यावसायिक रंगभूमीवर आता बऱ्यापैकी दिसतात, ही मला या काळातली मोठी गोष्ट वाटते. कल्याणी पाठारे यांचं 'दादा, एक गुड न्यूज आहे', स्वरा मोकाशी यांचं 'हरवलेल्या पत्त्यांचा बंगला', इरावती कर्णिक यांचं 'जर तरची गोष्ट'. यातल्या इरावतीताई नवोदित म्हणवून घेतील का शंकाच आहे, बरीच वर्षं लिहितात. (आपल्याकडे नाटककार पन्नाशीला आला तरी 'युवा'च असतो.) यांच्यात माझी पसंती विचाराल तर डॉ. श्वेता पेंडसे यांचं '३८ कृष्ण व्हिला'. एक नामवंत कादंबरीकार, आणि त्याच्या दारात येऊन "या कादंबऱ्या तुमच्या नाहीतच" म्हणणारी एक बाई. डॉ. गिरीश ओक आणि स्वतः लेखिका, दोनच पात्रं, एकच दिवाणखाना. आपण खुर्चीत बसून कधी याची बाजू घेतो, कधी तिची.

प्रताप फड यांचं 'अनन्या'ही लोक हमखास सुचवतील. दोन्ही हात गमावलेल्या मुलीची गोष्ट. ऋतुजा बागवेने त्यात जे केलं ते पाहण्यासारखंच होतं. पण लेखन म्हणून मला ते पहिल्या रांगेतलं वाटत नाही, प्रसंग टाळ्यांकडे बघत पुढे सरकतात. नंतर त्यावर सिनेमा आला, यात मला काही नवल वाटलं नाही.

प्रायोगिकमध्ये धर्मकीर्ती सुमंत हे नाव लक्षात ठेवा. 'गेली एकवीस वर्षं' आणि 'नाटक नको'. पहिलं आमच्या ग्रुपने वाचायला घेतलं तेव्हा दोघं उठून चहाला गेले आणि परत आले नाहीत. उरलेले आम्ही रात्री साडेबारापर्यंत भांडत होतो. नव्वदनंतर वाढलेल्या पोराच्या डोक्यात जो कालवा चालतो, तो तसाच्या तसा आहे त्यात.

आता मुद्द्याचं. यातलं किती सोलापूरला येतं? फार थोडं. कारण साधं आहे. नाटकाची बस, मागून सेटचा टेम्पो, नट-तंत्रज्ञांचा मुक्काम, सभागृहाचं भाडं, जाहिरात, आणि एवढं करून इथे मिळणार एकच प्रयोग. पुण्यात त्याच आठवड्यात तीन लागतात. प्रयोग विकत घेणारा ठेकेदार मग टीव्हीवरचा चेहरा मागतो. त्याचं चुकतं असं म्हणवत नाही, खिसा त्याचा आहे. लेखकाच्या नावावर तिकीट खपत नाही, नव्या लेखकाच्या तर नाहीच.

पुण्याला जायचं तर सकाळी हुतात्मा एक्स्प्रेसने जा, दुपारी साडेबाराचा प्रयोग धरा, संध्याकाळी त्याच गाडीने परत. सुदर्शन रंगमंच, ज्योत्स्ना भोळे सभागृह, द बॉक्स इथली प्रायोगिक नाटकं मात्र बहुतेक संध्याकाळची. ती पाहायची तर मध्यरात्र उलटल्यावर सिद्धेश्वर एक्स्प्रेस मिळते. स्टेशनवर बसून नाटकावर बोलायला सोबत कुणीतरी न्या, नाहीतर ते तीन-चार तास जात नाहीत.

पण पुण्याच्या आधी, आपल्या दारात जे होतं ते बघा की. राज्य हौशी नाट्य स्पर्धेची प्राथमिक फेरी आपल्याकडे हुतात्मा स्मृती मंदिरात होते, साधारण नोव्हेंबर-डिसेंबरात. तिकीट वडापाव-चहाच्या पैशांत. रोज एक नाटक, आणि त्यातली कित्येक याच वर्षी लिहिलेली. ती नाटकं पुढे कुठेही छापली जात नाहीत, नावं कुणाच्या लक्षात राहत नाहीत. दहातली सहा कंटाळवाणी असतात, हे मी म्युझिकवर बसून सांगतो. एकात मी चुकून पावसाऐवजी सनई लावली होती, तरी प्रेक्षकांत कुणाला फरक पडला नाही, यावरून काय ते समजा. पण उरलेल्या चारांत एखादा असा प्रसंग सापडतो की पुढे आठवडाभर डोक्यातून जात नाही. अभिनेते अतुल कुलकर्णी इथल्याच 'नाट्य आराधना' या संस्थेतून पुढे गेले. तेव्हा पहिल्या रांगेत बसलेल्यांपैकी किती जणांना ते ठाऊक होतं?

मला स्वतःला अजून एक नाटक हवंय, ते कुणी लिहिलेलं नाही. सोलापूरच्या पूर्व भागात, विणकरांच्या वस्तीत, नातवाशी मराठीत, सुनेशी तेलुगूत आणि भाजीवाल्याशी कन्नडमध्ये बोलणारी आज्जी दर गल्लीत आहे. यंत्रमागाचा खटखटाट थांबलेल्या घरात ती काय बोलते, हे रंगमंचावर मी एकदाही ऐकलेलं नाही. तुम्ही लिहीत असाल तर कळवा, म्युझिक फुकट करतो.

नाटक बसवायचा विचार असेल तर एक सांगून ठेवतो. संहिता आवडली म्हणून तालीम सुरू करू नका. आधी लेखकाची लेखी परवानगी घ्या, मानधन विचारा, रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं (म्हणजे नाटकाच्या सेन्सॉरचं) प्रमाणपत्र बघा. स्पर्धेच्या अर्जाला परवानगी आणि प्रमाणपत्र दोन्ही लागतात. आमच्या ग्रुपने एकदा दीड महिना तालीम करून मग लेखकाला फोन केला. ते सज्जन होते, पण परवानगी आधीच दुसऱ्यांना दिली होती. घरून आणलेला दिवाण परत न्यायला टेम्पोचे पैसे गेले ते वेगळेच.

आता वडील. त्यांना 'गेली एकवीस वर्षं'ला अजिबात नेऊ नका, पुढची एकवीस वर्षं ऐकावं लागेल. '३८ कृष्ण व्हिला'चा प्रयोग कुठे लागला तर तिथे न्या. कानेटकर आवडणाऱ्या माणसाला बांधीव संवाद आणि अंकाच्या शेवटी बसणारा धक्का लागतो, तो तिथे आहे. आणि 'देवबाभळी' त्यांच्या हातात वाचायला देऊ नका, आईला तुम्ही वाचून दाखवा. ते शेजारच्या खोलीत पेपर धरून बसतील आणि पान उलटायचं थांबेल.

स्पर्धेला आलात तर डावीकडची कडेची खुर्ची धरा. मध्यंतरात वडे पहिल्या पाच मिनिटांत संपतात.