छापील किंमत आणि शेवटचा भाव : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मोठ्या शोरूममध्ये प्रत्येक वस्तूवर किमतीची चिठ्ठी असते. तिथे भाव कमी करून मागणं बरं दिसतं का? मागायचं तर कोणाशी आणि कसं बोलायचं?

उत्तर : अगदी बिनधास्त मागा. चिठ्ठी लावली म्हणून दुकानाची सूट द्यायची मुभा संपत नाही. गिऱ्हाईक विचारतच नाही म्हणून ती वापरली जात नाही, एवढंच. मात्र सगळ्याच मालात सारखी जागा नसते. फर्निचर, गाद्या, चष्म्याच्या फ्रेम यांत नफा मोठा असतो, तिथे पैशातच सूट मागावी. मोबाइल आणि लॅपटॉपवर दुकानदाराला फार थोडं सुटतं, पण त्यासोबत विकली जाणारी कव्हरं, केबली, बॅगा आणि वाढीव वॉरंटी यांवर भरपूर सुटतं. म्हणून लॅपटॉपचा भाव हलत नसेल तर त्यावर अडून न बसता बॅग आणि माउस त्यातच मागा. दुकानाला ते स्वस्तात पडतं, त्यामुळे होकार लवकर येतो.

काउंटरवरच्या विक्रेत्याला ठरावीक मर्यादेपर्यंतच सूट देता येते. त्याच्याशी हुज्जत घालण्यात अर्थ नाही. ‘तुमच्या हातात किती आहे? त्यापुढे कमी करायचं तर कोणाशी बोलावं लागेल?’ असं सरळ विचारा. यात त्याचा मान राहतो आणि तोच बहुधा मॅनेजरला बोलावतो. वेळ कामाच्या दिवसाची, सकाळची निवडा. सुटीच्या दिवशी संध्याकाळी मागे रांग असते. तुम्ही गेलात तरी पुढचं गिऱ्हाईक उभंच असतं. जिथे विक्रेत्यांना महिन्याचं टार्गेट असतं तिथे महिनाअखेर बरी.

‘काही कमी होईल का?’ हा प्रश्न टाळा. त्याला ‘नाही’ म्हणणं फार सोपं असतं. त्याऐवजी असं म्हणा : ‘हेच मॉडेल दुसरीकडे या भावाला मिळतंय, हे त्यांचं कोटेशन. घरपोच धरून तुम्ही एवढ्याला दिलंत तर आत्ता पैसे भरतो.’ यात आकडा आहे, पुरावा आहे आणि खरेदीची तयारीही आहे. तिन्हींपैकी एक जरी गळलं तरी बोलण्यातला जोर जातो. कोटेशन मिळण्यासारखं नसेल तर दहा ते पंधरा टक्के मागावेत. ठरावीक भावाच्या दुकानात निम्मी किंमत मागितली की हा घेणाऱ्यातला नाही, असं समोरचा धरून चालतो आणि बोलणं तिथेच संपतं.

आणि आकडा सांगून झाला की गप्प बसा. इथेच बहुतेकांचं बिनसतं. समोरचा कॅल्क्युलेटरवर काहीतरी करत असतो, तेवढ्या शांततेत अवघडून आपणच ‘बरं, निम्मं तरी कमी करा’ म्हणतो आणि आपला आकडा आपणच सोडून देतो.

प्रश्न : पुढून कपडे घालायचं वॉशिंग मशीन घ्यायचं आहे. एका दुकानात डिस्प्लेला ठेवलेलं मशीन स्वस्तात देतो म्हणतात. घ्यावं का? भाव कसा ठरवावा?

उत्तर : घ्यायला हरकत नाही, पण तपासून. आधी नव्या, बंद खोक्यातल्या त्याच मॉडेलचे तीन दुकानांतले भाव लिहून घ्या. पूर्ण मॉडेल नंबर उतरवा. शेवटच्या एका अक्षराने किंवा आकड्यानेही मॉडेल बदलू शकतं आणि दुकानदार ‘ते वेगळं आहे’ म्हणून मोकळा होतो. प्रत्येक भावात घरपोच आणणं, जिना चढवणं, जोडणी, स्टँड आणि जुनं मशीन उचलून नेणं धरलंय का, ते विचारा. हे धरून केलेली बेरीजच खरा भाव. किमतीत स्वस्त वाटलेलं दुकान या बेरजेत महाग पडू शकतं.

आता डिस्प्लेचं मशीन. ड्रम हाताने फिरवून बघा. घरघर किंवा अडखळणं नको. दाराभोवतीचं रबर पूर्ण गोल बोट फिरवून तपासा, त्याला चीर असेल तर पाणी गळणार. पाणी आत घेणारी आणि बाहेर सोडणारी नळी आहे का, ते बघा. सगळ्यांत जास्त विसरली जाणारी गोष्ट म्हणजे मागच्या बाजूचे वाहतुकीचे बोल्ट. आतला टब हलू नये म्हणून कारखान्यातून मशीन या बोल्टांनी जखडून येतं. डिस्प्लेला मांडताना ते काढले असतील तर बहुतेक वेळा हरवलेले असतात. बोल्ट न लावता टेम्पोतून मशीन आणलं तर टब आपटून स्प्रिंगा आणि शॉकॲब्सॉर्बर खराब होऊ शकतात. तेव्हा ‘बोल्ट लावूनच पाठवा’ ही अट घाला, आणि घरी चालू करण्यापूर्वी ते काढायला विसरू नका.

वॉरंटी कोणत्या तारखेपासून, हा पुढचा प्रश्न. ती तुमच्या बिलाच्या तारखेपासून सुरू व्हायला हवी आणि बिलावर त्याच मशीनचा सीरियल नंबर हवा. वॉरंटी पूर्ण असेल आणि फक्त पत्र्यावर ओरखडे असतील तर नव्याच्या सर्वांत कमी भावापेक्षा पंधरा-वीस टक्के तरी खाली मागा. वॉरंटीच नसेल तर तेवढ्या सुटीवर घेऊ नये, असं आमचं स्पष्ट मत आहे.

जुनं मशीन देऊन नवं घेणार असाल तर ते सुरुवातीला बोलू नका. आधी नव्याचा शेवटचा भाव ठरवा, मग जुन्याचे किती ते विचारा, आणि पैसे कसे देणार हे सगळ्यांत शेवटी सांगा. तिन्ही एकदम काढलं की जुन्याला चांगली किंमत दाखवून नव्यावरची सूट खाल्ली जाते आणि हिशेब लागत नाही. जे ठरेल ते बिलावर लिहून घ्या. ‘फिटिंग फुकट’ तोंडी असेल तर जोडणीला आलेला माणूस पैसे मागतो आणि दुकानात ते आठवणारं कोणी नसतं.

प्रश्न : ‘५०% + २०%’ अशी पाटी असते. म्हणजे ७०% सूट ना?

उत्तर : नाही, ६०%. किंमत १०० धरली तर आधी ५० राहतात आणि दुसरी सूट त्या ५० वर मिळते, म्हणजे १०. ‘दोन घ्या, एक मोफत’ ही तिन्ही वस्तू लागणार असतील तरच ३३% सूट असते.

प्रश्न : बिनव्याजी बारा हप्ते मिळत असताना रोख पैसे का द्यावेत?

उत्तर : आधी विचारा, ‘आज पूर्ण पैसे दिले तर किती?’ बिनव्याजी हप्त्यांचं व्याज कोणीतरी भरत असतं, आणि ते दुकान भरत असेल तर रोखीच्या गिऱ्हाइकाला त्यातला वाटा देता येतो. समजा, रोख घेतल्यास सहा टक्के कमी होतात. मग हप्ते घेणारा ९४ ची वस्तू १०० ला घेतो. हे सहा टक्के व्याज वाटतं, पण तसं नाही. दर महिन्याला फेड होत असल्याने वर्षभरात सरासरी निम्म्याच्या आसपास रक्कम तुमच्याकडे राहते. त्यामुळे खरा वार्षिक दर साडेअकरा टक्क्यांच्या जवळ जातो. प्रोसेसिंग फी असेल तर आणखी वर. रोखीचा भाव कमी होतच नसेल तर मात्र हप्ते खुशाल घ्या. फक्त फी नाही ना, आणि एक हप्ता चुकला तर दंड किती, ते वाचा.

रोखीच्या नावाखाली ‘बिल नको, मग कमी करतो’ असं कोणी म्हटलं तर नाही म्हणा. बिल गेलं की वॉरंटी, बदलून घेणं, तक्रार, सगळंच गेलं.

प्रश्न : काटकसर करायची म्हणून छोट्या दुकानदाराशीही घासाघीस करावी का? मन खातं.

उत्तर : मन खातं ते बरोबरच आहे. हिशेब करून बघा. १०० ला विकलेल्या वस्तूत त्याला २५ सुटत असतील आणि तुम्ही १० कमी करून घेतले, तर तुमची बचत दहा टक्के, पण त्याची कमाई चाळीस टक्क्यांनी घटली. तेवढीच कमाई करायला त्याला आता तीनऐवजी पाच नग विकावे लागतील. एका नगावर हे मागणं आम्हाला योग्य वाटत नाही.

त्याचं काही वाचत असेल तिथे जरूर मागा. एकदम डझनभर वस्तू घेताना, महिन्याची यादी एकाच दुकानात देताना, पडून राहिलेला किंवा खोक्याला पोचा आलेला माल उचलताना. नाशवंत माल असेल तर दुकान बंद व्हायच्या वेळी जा, तेव्हा उरलेलं काढून टाकायचंच असतं. किंवा पैशांऐवजी सोय मागा : नग बदलून देण्याची मुदत वाढवून, सुटा भाग मागवून, छोटी दुरुस्ती करून. आणि भाव ठरला की वस्तू घ्या. कमी करायला लावून मग ‘बघून येतो’ म्हणणाऱ्याला पुढच्या वेळी तिथे कोणी शेवटचा भाव सांगत नाही.

प्रश्न : घेतलेली वस्तू चार दिवसांनी त्याच दुकानात स्वस्त झाली. आता काही करता येईल?

उत्तर : परत करण्याची मुदत संपली नसेल तर बिल घेऊन जा आणि फरक मागा. वस्तू परत घेऊन तीच पुन्हा नव्या भावाला विकण्यापेक्षा फरक देणं दुकानाला सोपं पडतं. खोकं आणि आतलं पॅकिंग मात्र तोवर जपून ठेवा. ते फेकलेलं असेल तर वस्तू परत करू असं म्हणण्याला काही बळ उरत नाही.