आईचा फोन रात्री आठचाच ठेवा

दादा, कोरोनाच्या बातम्या पुन्हा यायला लागल्यापासून नागपूरच्या नंदनवन भागातल्या घरात आईने स्वतःला कोंडून घेतलंय, असं तुम्ही लिहिलंय. पोळ्यावाल्या बाईंना नको म्हणून सांगितलं, भिशीला जाणं बंद, दिवसभर टीव्ही. तुम्ही पुण्याहून फोन केला की एकच प्रश्न: "पुन्हा तसंच होईल का रे?" बाबा २०२१ च्या एप्रिलमध्ये गेले, हेही लिहिलंत. तिला काय उत्तर द्यावं, हे तुम्हाला कळेनासं झालंय.

"काही होत नाही गं आई" एवढं मात्र म्हणू नका. त्या वर्षीचं नागपूर तिने पाहिलंय. मार्चमध्ये १५ ते २१ शहरात पुन्हा कडक लॉकडाऊन लागला, एप्रिलमध्ये मेडिकल-मेयो या सरकारी दवाखान्यांत खाट मिळेना, २३ एप्रिलला विशाखापट्टणमहून रेल्वेने ऑक्सिजनचे टँकर आणावे लागले. त्याच दिवसांत तिचा नवरा गेला. पोटचा मुलगा आता नुसता धीर देतोय हे तिला लगेच कळतं, आणि मग ती तुमच्याशी बोलणंच कमी करते.

त्यापेक्षा आज जे माहीत आहे ते सांगा. जागतिक आरोग्य संघटनेने कोरोनाची जागतिक आणीबाणी ५ मे २०२३ ला संपल्याचं जाहीर केलं. विषाणू गेलेला नाही, तो फिरतच राहणार आणि अधूनमधून रुग्ण वाढणार. पण २०२१ मध्ये आपल्या शरीराला त्याची ओळख नव्हती, लशी नुकत्याच सुरू झाल्या होत्या. आज बहुतेकांना लस मिळालीय किंवा आजार होऊन गेलाय. वय झालेल्यांनी आणि शुगर, दमा असलेल्यांनी गर्दीत मास्क लावावा, ताप-खोकला असलेल्या माणसापासून लांब राहावं. वेगळ्या खोलीत राहायचं ते आजारी माणसाने. तुमची आई धडधाकट असून विलगीकरणात बसलीय.

आता फोनबद्दल, कारण मला खरं सांगायचंय ते हेच. दुसऱ्या लाटेत आमच्या भागातले काही जण मिळून घरात एकट्या अडकलेल्यांना रोज फोन करायचो. बहुतेक म्हातारी माणसं, मुलं बाहेरगावी. तेव्हा एक गोष्ट पक्की लक्षात आली. दिवसातून पाच वेळा, जमेल तसा फोन येणारी माणसं जास्त घाबरलेली असायची. प्रत्येक रिंगला त्यांच्या काळजात धस्स व्हायचं, आणि दोन तास फोन आला नाही तरी तेच. ज्यांचा फोन ठरल्या वेळी, एकदाच यायचा, ती माणसं जेवायची, झोपायची. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये २०१६ साली एक प्रयोग झाला होता. विजेचा हलका झटका नक्की बसणार हे ठाऊक असताना माणसांवर जेवढा ताण आला, त्यापेक्षा बसेल की नाही हे अर्धं-अर्धं असताना जास्त आला. आमच्या फोनवरच्या माणसांचं दुखणं तेच होतं. साथ कधी संपेल हे कोणालाच सांगता येत नव्हतं. पण "रात्री आठला मी बोलते" हे सांगता येत होतं, आणि ते पाळता येत होतं.

म्हणून रोज आठ ही वेळ ठरवा आणि मीटिंग असली तरी मोडू नका. दोनच मिनिटं बोलणं झालं तरी चालेल. मधे फोन करायची हुक्की आली तर आवरा.

आणि फोनवर तिची फक्त चौकशी करू नका, तिच्याकडे काहीतरी मागा. आमच्या यादीतल्या एक आजी "जेवलात का, गोळी घेतली का" याला नुसतं हं-हं करायच्या. एकदा अक्षय्य तृतीयेच्या आसपास आमच्यातल्या एका मुलीने त्यांना सरगुंडे, म्हणजे काडीवर गुंडाळून वाळवलेल्या कणकेच्या शेवया, कसे करायचे ते विचारलं. आजी एकदम सरसावल्या. कणीक किती घट्ट भिजवायची, काडी कोणती घ्यायची, गुंडाळताना वेढे एकमेकांना चिकटू द्यायचे नाहीत, उन्हात कितपत वाळू द्यायचे, आमरसासोबत खाताना वरून तूप किती. दुसऱ्या दिवशी त्यांनीच विचारलं, "जमले का गं पोरी? तुटले असतील तर कणीक सैल झाली समज." आदल्या दिवसापर्यंत आम्ही त्यांची विचारपूस करत होतो, त्या दिवसापासून त्या आमची करायला लागल्या. तुमच्या आईकडेही असं काहीतरी असेलच. मनापासून मागा, कारण नुसता विरंगुळा म्हणून विचारलेलं तिला कळेल.

ऑक्सिमीटर घरात असेल आणि ती सारखी बोटाला लावत असेल, तर बरी असताना तो कपाटात ठेवायला सांगा. ताप आला तरच सकाळ-संध्याकाळ मोजायचं. कूलरसमोर बसून बोटं गार पडली की आकडा चुकतो, तेव्हा हात चोळून पुन्हा बघायचं. खरोखर ९४ च्या खाली गेला किंवा धाप लागली, तर डॉक्टर.

पोळ्यावाल्या बाईंना परत बोलवा. आपला खिडकीतला कूलर बाहेरची हवा आत ढकलतो. समोरची खिडकी किंवा दार उघडं असलं की घरातली हवा सारखी बदलत राहते, बंद खोलीतल्या एसीचं तसं नाही. बाईंनी मास्क लावला आणि त्यांना बरं नसेल त्या दिवशी त्या आल्या नाहीत, एवढं पुरे. (कूलरची टाकी आठवड्यातून एकदा पूर्ण रिकामी करायलाही सांगा. नागपुरात डेंग्यूची भीती त्या पाण्यातून जास्त आहे.) भिशीही संध्याकाळी कोणाच्या अंगणात भरू शकते.

बाबांबद्दल लिहिताना हात जड होतो. त्या दिवसांत किती घरांना शेवटचं तोंडही पाहता आलं नाही. आईने ते कधी कोणापुढे काढलंय का? "पुन्हा तसंच होईल का" यातलं "तसं" म्हणजे कोरोना असेल, किंवा दवाखान्याच्या दारातून त्यांना आत नेलं आणि ही बाहेर राहिली, ते असेल. मला यातलं दुसरं कारण खरं वाटतं. तुम्ही स्वतःहून बाबांचं नाव काढा. ती रडली तर थांबवू नका, विषय बदलू नका. फोनवर जमणार नसेल तर दोन दिवस रजा काढून नागपूरला या.

आलात की तिच्यासोबत बसून एक कागद करा: आजारी पडली तर कोणत्या डॉक्टरांकडे, गाडी कोण काढणार, घराची दुसरी किल्ली कोणाकडे, चालू गोळ्या कोणत्या, रुग्णवाहिकेसाठी १०८. आणि सगळ्यात वर, तिच्या डोळ्यांदेखत, हे लिहा की दवाखान्यात न्यावं लागलं तर तिच्याजवळ कोण थांबणार आणि आत जाऊ दिलं नाही तर रोज किती वाजता तिच्याशी बोलणार. शेजाऱ्यांना विचारूनच त्यांचं नाव घाला.

दोन आठवडे होऊनही झोप-जेवण नीट नसेल, किंवा जगण्यात राम नाही असं ती बोलली, तर वाट पाहू नका. टेली-मानस या मानसिक आधाराच्या सरकारी सेवेचा १४४१६ हा नंबर चोवीस तास चालू असतो, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. आधी तुम्ही स्वतः तिथे बोलून घ्या, मग तिला लावून द्या.