कॅनडात व्हिजिटर व्हिसावर आहे, नोकरीची ऑफर मिळाली आहे. यावरून पीआर (कायमचं राहण्याचा परवाना) होईल का?

नुसत्या ऑफर लेटरवर होणार नाही. ऑफरच्या वाटेने जायचं तर सहसा मध्ये वर्क परमिट लागतं, आणि ते मिळणं तुमच्या हुशारीपेक्षा मालक काय करायला तयार आहे यावर जास्त ठरतं.

मी ऑन्टॅरियोत एका कंपनीत एचआर बघते. एलएमआयए म्हणजे परदेशी माणूस नोकरीवर घ्यायला मालकाला लागणारी सरकारी मंजुरी. तिचे अर्ज मालकाच्या बाजूने भरायचं काम माझ्याकडे असतं, त्यामुळे टेबलाच्या त्या बाजूचं सांगते. मी परवानाधारक इमिग्रेशन कन्सल्टंट नाही, हेही ध्यानात घ्या.

तुमच्या प्रश्नातून मला कळलं ते असं: ब्रॅम्प्टनला बहिणीकडे आला आहात, एका रेस्टॉरंटचा मालक फूड सर्व्हिस सुपरवायझरची ऑफर देतोय, एलएमआयए 'काढून देतो' म्हणून त्याचे पैसे मागतोय, आणि कागद येईपर्यंत काउंटरवर बिनपगारी 'ट्रेनिंग' घ्या म्हणतोय. पीआरला या ऑफरचे ५० गुण मिळतील असंही त्याने सांगितलंय.

आधी गुणांचं. २०१५ साली एक्स्प्रेस एन्ट्री, म्हणजे गुणांवर पीआरसाठी माणसं निवडायची पद्धत, सुरू झाली तेव्हा ऑफरला ६०० गुण होते. २०१६ च्या नोव्हेंबरात ते ५० वर आले, वरिष्ठ मॅनेजर असेल तर २००. आणि २५ मार्च २०२५ पासून दोन्ही बंद. कारण उघड होतं: त्या गुणांसाठी एलएमआयए विकले जात होते. म्हणजे तुमचा मालक तुम्हाला बंद पडलेली गोष्ट विकतोय.

आता एलएमआयए म्हणजे मालकाला काय करावं लागतं ते बघा. जॉब बँक या सरकारी नोकऱ्यांच्या वेबसाइटवर किमान चार आठवडे जाहिरात, शिवाय आणखी दोन ठिकाणी. किती अर्ज आले, त्यांतले कॅनेडियन नागरिक आणि पीआर असलेले किती, त्यांना का घेतलं नाही, हे सगळं लिहून द्यायचं. अधिकारी मालकाला फोन करून विचारतात. गेल्या वेळी मला विचारलं, 'या पदासाठी अमुक अनुभव हवा असं लिहिलंय, तुमच्याकडे आज हेच काम करणाऱ्याकडे तो आहे का?' दुसऱ्यासाठी कागद 'काढून देणारा' माणूस अशा प्रश्नाला काय उत्तर देणार? प्रत्येक पदामागे १,००० डॉलर सरकारी फी असते. ती मालकाने भरायची आणि कामगाराकडून कुठल्याही नावाने वसूल करायची नाही, असा नियम आहे. पैसे मागितले तिथेच तो माणूस नियमाबाहेर गेला. पुढे चौकशी झाली आणि तुम्हीही अर्जात खोटं सांगितलंय असं ठरलं, तर तुमच्यावर पाच वर्षांची बंदी येऊ शकते.

तुमच्या बाबतीत याहून मोठी अडचण आहे, ती त्याने तुम्हाला सांगितलेली दिसत नाही. २६ सप्टेंबर २०२४ पासून, ज्या महानगरात बेकारीचा दर ६ टक्के किंवा त्याहून जास्त आहे तिथले कमी पगाराच्या पदांचे एलएमआयए अर्ज तपासायलाच घेत नाहीत. शेती, बांधकाम, आरोग्यसेवा, अन्नप्रक्रिया अशा काही क्षेत्रांना सूट आहे, रेस्टॉरंटला नाही. अशा महानगरांची यादी दर तीन महिन्यांनी बदलते. टोरांटो पहिल्याच यादीत होतं, आणि ब्रॅम्प्टन टोरांटो महानगरातच मोजतात. 'जास्त पगार' म्हणजे किती, तर २०२५ च्या जूनअखेरपासून ऑन्टॅरियोत ताशी ३६ डॉलर. तुमच्या ऑफर लेटरवरचा आकडा काढून बघा.

वर्क परमिटचा अर्ज इथे बसून करता येईल का, हेही तुम्ही विचारलंय. कोविडच्या काळात, ऑगस्ट २०२० मध्ये, व्हिजिटरना तशी मुभा मिळाली होती. ती फेब्रुवारी २०२५ पर्यंत चालायची होती, पण सरकारने २८ ऑगस्ट २०२४ लाच गुंडाळली. यूट्यूबवरचे बरेच व्हिडिओ त्या काळातले आहेत. आता काही अपवाद सोडले तर तुमचा अर्ज देशाबाहेरचा म्हणूनच जातो. सीमेवर जाऊन वळून यायचं, म्हणजे फ्लॅगपोलिंग, तेही बहुतेकांसाठी डिसेंबर २०२४ मध्ये बंद झालं.

ते 'ट्रेनिंग' मात्र अजिबात करू नका. पगार घेतला नाही म्हणून ते काम ठरत नाही असं नाही. एरवी पगारी माणूस जे करतो ते काम. परवान्याशिवाय केलेलं काम पीआरच्या अनुभवात धरत नाहीत, आणि ते थांबवल्यापासून सहा महिने वर्क परमिट नाकारायला तेवढं कारण पुरतं. शिवाय पदाचा दर्जा नावावरून नाही, रोजच्या कामावरून ठरतो. कागदावर सुपरवायझर आणि प्रत्यक्षात काउंटर, तर तो अनुभव कुशल कामात बसत नाही. इंटरव्ह्यूला जाणं, मालकांना भेटणं याला मात्र व्हिजिटरला आडकाठी नाही.

मग ऑफरचा उपयोग काय? माझ्या मते खरी किंमत प्रांताच्या नॉमिनेशनला, म्हणजे प्रांताने पीआरसाठी केलेल्या निवडीला, आहे, कारण त्याचे ६०० गुण अजून मिळतात आणि त्यातल्या बऱ्याच वाटा मालकाच्या ऑफरवर उभ्या आहेत. दुसरी वाट अटलांटिक इमिग्रेशन प्रोग्रॅमची: नोव्हा स्कोशिया, न्यू ब्रन्सविक, प्रिन्स एडवर्ड आयलंड, न्यूफाउंडलंड. तिथे एलएमआयए लागत नाही, पण मालक त्या योजनेत मान्यताप्राप्त हवा. मी तुमच्या जागी असते तर ब्रॅम्प्टनच्या रेस्टॉरंटांपेक्षा तिकडच्या मान्यताप्राप्त मालकांच्या याद्या चाळल्या असत्या. त्या याद्या प्रांतांच्या वेबसाइटवर फुकट आहेत.

आणि भारतातल्या नोकरीबद्दल तुम्ही फक्त 'सहा वर्षं अकाउंट्समध्ये' एवढंच लिहिलंय. ते कुशल काम असेल, पदवीचं मूल्यांकन झालं, इंग्रजीत सीएलबी ७ (कॅनडाच्या भाषा-मापातली सातवी पातळी) आलं आणि ६७ गुणांची पात्रता (ही मोजणी वरच्या गुणांहून वेगळी) बसली, तर ऑफरशिवायच फेडरल स्किल्ड वर्कर या केंद्र सरकारच्या योजनेतून एक्स्प्रेस एन्ट्रीत प्रोफाइल टाकता येतं. व्हिजिटर असणं आड येत नाही. पुढे कायम राहायचा विचार असलेला माणूस तात्पुरता येऊ शकतो, हे कायद्यातच मान्य आहे. वय बघा, कारण तिशीपासून दर वाढदिवसाला गुण कमी होतात. जमत असेल तर फ्रेंच. त्या भाषेच्या वेगळ्या ड्रॉमध्ये (निवडीच्या फेरीत) कटऑफ बराच खाली असतो.

राहण्याच्या मुदतीबद्दल तुमचा गोंधळ झालेला दिसतो. व्हिसा दहा वर्षांचा असला तरी प्रत्येक वेळी राहण्याची मुदत वेगळी असते. पासपोर्टवरच्या शिक्क्यावर तारीख लिहिली नसेल तर आलात त्या दिवसापासून सहा महिने. त्याआधी व्हिजिटर रेकॉर्डचा, म्हणजे मुदत वाढवायचा, अर्ज केला तर निर्णय येईपर्यंत थांबता येतं, पण काम तेव्हाही करता येत नाही.