मोबाइलसाठी वेगळी वेबसाइट करावी का?

प्रश्न : आमच्या वाचनालयाची वेबसाइट ऑफिसच्या कॉम्प्युटरवर छान दिसते. सभासद मात्र ती मोबाइलवर उघडतात आणि अक्षरं फार बारीक दिसतात म्हणून तक्रार करतात. पुस्तकांची यादी सहा रकान्यांची आहे, ती तर वाचताच येत नाही. साइट करून देणारे म्हणतात, मोबाइलसाठी दुसरी साइट लागेल, खर्च वेगळा. काय करावं?
– एक ग्रंथपाल, रत्नागिरी जिल्हा

उत्तर : दुसरी साइट करू नका. आज सुट्टीची सूचना एका साइटवर बदलाल, दुसरीवर राहून जाईल, आणि सभासद बंद दाराशी येऊन परत जातील. एकच साइट सगळ्या पडद्यांवर नीट बसवता येते. अमेरिकन वेब डिझायनर ईथन मार्कॉट यांनी २०१० साली या पद्धतीला ‘रिस्पॉन्सिव्ह वेब डिझाइन’ हे नाव दिलं.

अक्षरं बारीक होण्याचं कारण बहुधा असं : पानात व्ह्यूपोर्टची ओळ (पान पडद्याच्या रुंदीएवढं धरा, असं ब्राउझरला सांगणारी कोडमधली ओळ) नसली की मोबाइलचा ब्राउझर पान साधारण ९८० पिक्सेल रुंद आहे असं धरतो आणि ते आक्रसून पडद्यावर बसवतो. २००७ साली आयफोन आला तेव्हा बहुतेक साइट कॉम्प्युटरच्या मापाच्या होत्या, म्हणून ही सोय झाली. ती ओळ आधी घालून घ्या. मात्र तिच्यात ‘पान मोठं करू देऊ नका’ अशी अट कुणी टाकली असेल तर काढायला लावा. तुमच्याकडे वयस्कर वाचक बरेच असणार, दोन बोटांनी अक्षर मोठं करण्याचा त्यांचा हक्क हिरावू नये.

एवढ्याने भागणार नाही. रुंदी पिक्सेलमध्ये बांधलेली असेल तर आता पान पडद्याबाहेर जाईल. ती टक्क्यांत हवी, आणि चित्रांना कमाल रुंदी १०० टक्के. पुढे मांडणी कुठे बदलायची ते मीडिया क्वेरी, म्हणजे पडद्याच्या रुंदीनुसार लागू होणारा कोडमधला नियम, सांगते. इथे बरेच जण फोनच्या मॉडेलांची मापं घेऊन बसतात. मला ते पटत नाही, कारण पुढच्या वर्षी मापं बदलतात. ब्राउझरची खिडकी ३२० पिक्सेलपर्यंत अरुंद करा, तिथे पान नीट लावा, मग हळूहळू रुंद करत जा. ओळी लांबून डोळा चुकायला लागला की तिथे ब्रेकपॉइंट, म्हणजे मांडणी बदलण्याची जागा.

आता तुमची यादी. दाखल क्रमांक, नाव, लेखक, प्रकाशक, साहित्यप्रकार, शिल्लक आहे की नाही, असे सहा रकाने मोबाइलवर शेजारी शेजारी बसणार नाहीत. त्यांतले तीन लपवून टाकण्याचा सल्ला कुणी देईल, पण फोनवरून येणारा सभासद अर्ध्या माहितीवर का भागवेल? अरुंद पडद्यावर प्रत्येक पुस्तकाची स्वतंत्र चौकट करा : वर ठळक नाव, खाली लेखक, मग ‘शिल्लक’ किंवा ‘बाहेर गेलं’, आणि उरलेलं लहान अक्षरात. कोणतं पुस्तक आणि ते शिल्लक आहे का, सभासदाला आधी हेच तर बघायचं असतं.

देवनागरीकडे खास लक्ष द्या. इंग्रजीसाठी बनवलेल्या तयार साच्यात ओळी इतक्या जवळ असतात की वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीला भिडतो. ओळींची उंची अक्षराच्या १.६ पट तरी ठेवा. अक्षरांमधलं अंतर वाढवू नका, शिरोरेखा तुटते. मजकूर दोन्ही कडांना ताणून बसवू नका, अरुंद पडद्यावर शब्दांमध्ये खिंडारं पडतात. आणि वाचनालयाचं नाव किंवा कार्यक्रमाची सूचना चित्रात लिहिलेली असेल तर ती खऱ्या मजकुरात आणा. चित्र लहान झालं की त्यातलं अक्षरही लहान होतं, आणि पडदा वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरला ते सहसा नीट वाचता येत नाही.

काम ताब्यात घेताना १२८० पिक्सेल रुंद खिडकीत पान ४०० टक्के मोठं करून बघा. तेव्हा पानाला ३२० पिक्सेलएवढीच जागा उरते. आडवं सरकवल्याशिवाय सगळं वाचता आलं, तरच उरलेले पैसे द्या.