चेंडू जाळ्यातच का मरतो?

प्रश्न : ताई, वय ४१, उजव्या हाताने टेबल टेनिस खेळतो, आठवड्यातून तीन संध्याकाळी. नऊ वर्षं बॅटच्या फोरहँडच्या बाजूला जर्मन बनावटीचं मऊ रबर (खाली स्पंज जोडलेलं) होतं. आमच्यातला एक जण चिनी चिकट रबराने असे टॉपस्पिन, म्हणजे पुढे फिरणारे फटके मारतो की समोरच्याचा ब्लॉक, म्हणजे बॅट धरून अडवलेला बॉल, छताकडे उडतो. त्याचं बघून मीही हरिकेन ३ हे चिनी रबर लावलं, ४० अंश कडकपणाच्या स्पंजचं. तीन आठवडे झाले. कट, म्हणजे उलट फिरकी, घेऊन आलेला बॉल उचलायला गेलो की नेटच्या पांढऱ्या पट्टीत. ब्लॉक केला तर माझ्याच बाजूला पडतो. बॅट उलटी धरली की बॉल रबराला चिकटून राहतो, म्हणजे माल अस्सल आहे. हे रबर हळू असतं असं ऐकलं होतं, म्हणून सोबत कार्बनचं ब्लेड, म्हणजे रबराखालची फळीही घेतली. हल्ली कोपर दुखतं. दोष रबरात की माझ्यात?

उत्तर : तुमच्या पत्रातली महत्त्वाची गोष्ट तुम्ही शेवटाकडे, जाता जाता लिहिली आहे. रबर बदललं आणि ब्लेडही बदललं! आता चेंडू जाळ्यात गेला तर जाब कुणाला विचारायचा? आधी कार्बनचं ब्लेड पिशवीत ठेवा आणि जुन्या लाकडी ब्लेडवर हे रबर लावा. कार्बनवरून चेंडू झटकन सुटतो. कडक स्पंज दाबला जायला जो वेग लागतो तो तुमच्या हातात अजून आलेला नाही, त्यामुळे स्पंज दबायच्या आत चेंडू निघून जातो. चीनचे मोठे खेळाडू कार्बन वापरतात, मान्य. पण त्यांचा हात लहानपणापासून ह्याच रबरावर घडलेला असतो.

उलट्या बॅटला चेंडू लटकतो ह्याचं कौतुक मीही खूप केलंय. चेंडूचं वजन २.७ ग्रॅम. तो लटकणारच. खेळताना मात्र चेंडू रबरावर सेकंदाच्या जेमतेम हजाराव्या भागाइतका टेकतो. हळू आणि निसटत्या स्पर्शात, म्हणजे सर्व्हिस, पुश (चेंडू खालून कापत हलकेच ढकलणं), टेबलावरचे आखूड चेंडू इथे चिकटपणा कामाला येतो. मोठ्या फटक्यात सूत्रं स्पंजच्या हातात जातात. आणि तुमचा स्पंज अजून झोपलेला आहे.

तुमचं जुनं रबर उदार होतं. तुम्ही आठ आणे घातले की ते आपल्या खिशातले आठ आणे टाकून पूर्ण रुपया परत करायचं. अशा रबरात ताण भरलेला असतो, चेंडू आत गेला की स्पंज आपणहून त्याला बाहेर फेकतो. नऊ वर्षं ह्या उसन्या बळावर खेळलात, आणि उसनं आहे हे कळलंही नाही. कळायचं कारणही नव्हतं. चिनी रबर पदरचं काही घालत नाही. नाचता येईना अंगण वाकडं असं कुणी तुम्हाला म्हटलं तर मनावर घेऊ नका, अंगण खरोखरच बदललं आहे.

आकड्यांनीही तुमची फसगत झालेली असू शकते. जर्मन रबरावर ४७.५ लिहिलेलं असतं आणि चिनी रबरावर ४०, म्हणून चिनी मऊ वाटतं. दोन्हीकडच्या मोजपट्ट्या वेगळ्या आहेत. चिनी ४० हे जर्मन ४७.५ पेक्षा चांगलंच कडक असतं. नव्याने वळणाऱ्याने ३९ किंवा त्याखालचं घ्यावं असं माझं मत. तुम्ही ४० घेतलंच आहे तर आता तेच वापरा, लगेच तिसरं आणू नका.

मी हे रबर दोनदा शिकले. पहिल्यांदा स्पीड ग्लूच्या जमान्यात. तेव्हा सामन्याआधी स्पंजला ग्लूचे थर द्यायचे, त्यातल्या द्रावकांनी स्पंज फुगायचा आणि कडक रबरसुद्धा टणाटण उडायचं. सप्टेंबर २००८ पासून आंतरराष्ट्रीय संघटनेने असे ग्लू बंद केले. मी तेच रबर पाण्याच्या ग्लूने चिकटवलं आणि हातात फळी धरल्यासारखं वाटलं. तरी चार दिवसांनी स्पर्धेला गेले. जिला मी एरवी हरवायचे तिने मला ११-४, ११-६, ११-३ असं घरी पाठवलं. घरी येऊन रबर ओरबाडून काढलं आणि टाकून दिलं. स्पंजचा एक लचका ब्लेडवरच राहिला, त्या ब्लेडवर तो डाग अजून आहे.

माझे सर ओरडले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी तसंच एक रबर लावलेली त्यांची बॅट हातात दिली आणि मला भिंतीसमोर उभं केलं. टेबल नाही, समोर कोणी नाही. चेंडू जमिनीवर सोडायचा, उसळला की बॅट खालून वर नेत भिंतीकडे टॉपस्पिन मारायचा आणि फक्त आवाज ऐकायचा. पहिले वीस-पंचवीस चेंडू 'खस्' वाजले. ते रबराच्या वरच्या पापुद्र्यालाच घासून गेले होते, फिरकी भरपूर, पण भिंतीपर्यंत पोचता पोचता दम गेला. मग मला राग आला, मी जोर लावला, तर 'टक्'. सरळ लाकडाचा आवाज. चेंडू वेगात गेला पण फिरलाच नाही. सर म्हणाले, ह्या दोघांच्या मधला शोध. तो 'ठप्' असा, थोडा जाड, थोडा बुटका आवाज असतो. चेंडू पापुद्र्याला घासतोही आणि स्पंजमध्ये रुततोही. त्या दिवशी मला तो बहुधा चारदा सापडला. आठवड्याने दहातले पाच.

तुम्हीही इथूनच सुरू करा. भिंत नसेल तर टेबलावर चेंडू आपल्याच हाताने टाकून. मग कुणाला तरी मोबाइल देऊन बाजूने चित्रीकरण करायला सांगा आणि एकच गोष्ट बघा : चेंडूला लागायच्या क्षणी हात वाढत्या वेगात आहे की मंदावतोय? माझी खात्री आहे की मंदावतोय. मऊ रबराने खेळणाऱ्यांचा हात सुरुवातीला जोरात निघतो आणि चेंडूपाशी कच खातो, कारण जास्त मारलं तर चेंडू बाहेर जातो हे त्याला नऊ वर्षांत पाठ झालेलं असतं. इथे नेमकं उलटं हवं. सुरुवात सैल, आळसटलेली चालेल, शेवटच्या वीतभर अंतरात चाबूक ओढल्यासारखी झेप. ती दंडातून येत नाही. गुडघे वाकलेले, वजन उजव्या पायावर, कंबर वळलेली, आणि कंबर सुटली की हात तिच्यामागून येतो. मा लाँग २०१६ आणि टोकियो, दोन्ही ऑलिंपिकचा एकेरीचा विजेता. त्याचा फोरहँड हळू गतीत बघा. मागे नेताना हात जवळजवळ सरळ असतो आणि अग्रबाहू अगदी शेवटी मिटतो. तो हात जसाच्या तसा उचलू नका हं, तेवढा वेळ तुम्हाला समोरचा देणार नाही. कंबर आणि शेवटची झेप, एवढंच घ्या.

कट आलेला चेंडू पट्टीत जातो, कारण ह्या रबरावरून चेंडूची कमान खुजी निघते आणि तुम्ही बॅट जुन्याच कोनात मिटलेली धरता. बॅट थोडी उघडा, गुडघ्यातून उठा, आणि चेंडू पडायला लागायच्या आधी, उंचीवर असतानाच गाठा. ब्लॉकचं दुखणं निराळं. जुन्या रबरावर नुसती बॅट धरली तरी काम व्हायचं. इथे धरलेली बॅट म्हणजे मेलेला ब्लॉक. चेंडू येताना त्याला वीतभर पुढे भेटा, हलकंसं ढकला. ब्लॉक जमायला फटक्यापेक्षा जास्त दिवस लागतात, निदान मला लागले.

आता एक बक्षीसही घ्या. आखूड पुश करून बघा. रबर आपणहून उडवत नसल्याने चेंडू समोरच्या टेबलावर दोनदा टप्पे घेईल. जुन्या रबराने हा चेंडू किती वेळा लांब जाऊन मार खाल्ला असेल ते आठवा. पहिला आठवडा फक्त सर्व्हिस, पुश आणि तो 'ठप्'. मग कट चेंडूवर टॉपस्पिन, मग टॉपस्पिनवर टॉपस्पिन. महिनाभर गुण मोजून खेळू नका. गुण मोजायला लागलं की हात जुन्या सवयीकडे पळतो.

कोपर राहिलंच. माझ्या जुन्या मऊ रबराचा कापलेला तुकडा ४४ ग्रॅम भरला होता, चिनी ५०. सहा ग्रॅम म्हणजे काही नाही असं वाटतं, पण ते बॅटच्या टोकाकडे असतात. वर तुम्ही चिडून मूठ आवळताय. दोन फटक्यांच्या मध्ये बोटं मुद्दाम सैल सोडा. न खेळलेल्या दिवशीही दुखत असेल तर बॅट ठेवा आणि डॉक्टरांना दाखवा.

प्रश्न : ताई, माझी मुलगी ११ वर्षांची आहे, दीड वर्ष खेळते. तिच्या गटात सगळ्या मुली चिनी रबर वापरू लागल्या आहेत. तिलाही घ्यावं का?

उत्तर : कडक असेल तर नको, ताई. तिची ताकद अजून स्पंज दाबण्याइतकी नाही. ती दंडाने ओढायला लागेल आणि ती सवय मोडायला पुढे दुप्पट वेळ जाईल. चिकट, पण मऊ आणि दीड ते पावणेदोन मिलिमीटर जाडीच्या स्पंजचं रबर मिळालं तर हरकत नाही. उलट त्याने स्ट्रोक पूर्ण करायची सवय लागते. तिच्या शिक्षकांना विचारा आणि ते कारण देतात का ते ऐका. 'सगळे वापरतात' हे कारण नव्हे.

प्रश्न : दोन महिन्यांत रबराचा चिकटपणा गेला. मी रोज हातावर थुंकी घेऊन पुसतो, अधूनमधून साबणाने धुतो. कंपनीने फसवलं का?

उत्तर : फसवणूक तुम्हीच करताय, तीही रोज. साबण बंद, थुंकीही बंद. तळहाताचा घाम आणि तेल रबरावर बसतं आणि त्यावर धूळ. खेळून झालं की स्वच्छ पाण्यात भिजवून घट्ट पिळलेल्या मऊ स्पंजने एकाच दिशेने पुसा, वाळू द्या आणि वर प्लास्टिकची फिल्म चढवा. हवेचे बुडबुडे राहू देऊ नका. दमट दिवशी रबर निसटतं वाटेल आणि थंडीत स्पंज आणखी कडक होईल, दोन्हीत घाबरण्यासारखं काही नाही. चिकटपणा कमी झाला म्हणजे रबर मेलं असंही नाही. नखाने न ओरखडता बोटाचं पेर जोरात दाबून पुढे सरकवा. रबर पेराला अडवत असेल तर पकड शाबूत आहे. मधल्या भागात गुळगुळीत, चकचकीत पट्टा दिसू लागला की मात्र बदला.

प्रश्न : ताई, मित्र म्हणतो स्पंजला बूस्टर तेल लावल्याशिवाय चिनी रबराला अर्थ नाही. लावू का?

उत्तर : नियम स्पष्ट आहे : रबर कोणत्याही भौतिक, रासायनिक किंवा अन्य प्रक्रियेशिवाय वापरायचं. लोक लावतात हे मलाही ठाऊक आहे, तुमचा मित्र तर उघडच सांगतोय. नियम बाजूला ठेवला तरी शिकणाऱ्यासाठी ते वाईट. तेलाने स्पंज फुगतो, रबर कडेने वळतं, आणि स्पंजसकट रबराच्या जाडीची ४ मिलिमीटरची मर्यादा ओलांडली तर तपासणीत बॅट बाद होते. त्याहून वाईट म्हणजे तेल उतरत जातं. सोमवारी उडणारं रबर पुढच्या महिन्यात तेच राहत नाही, मग हाताने नेमकं काय पाठ करायचं? मोह आवरत नसेल तर कारखान्यातूनच ताण भरून येणारा प्रकार घ्या, हरिकेन ३ मध्ये 'निओ' नावाने मिळतो. तोही काही महिन्यांत थोडा निवतो, पण निदान कायद्यात आहे.

प्रश्न : बॅकहँडलाही चिनीच लावू? आणि जुनी बॅट सोबत ठेवू की विकू?

उत्तर : बॅकहँडला नको, निदान वर्षभर. तिथे हात मागे न्यायला जागा कमी असते, म्हणून उडणारं मऊ रबर उपयोगी पडतं. कित्येक चिनी खेळाडूही बॅकहँडला जपानी किंवा जर्मन बनावटीचं रबर लावतात. जुनी बॅट विकू नका, पण सरावाला सोबतही नेऊ नका. दोन गुण गेले की हात पिशवीत जातो. मी सहा आठवडे माझी जुनी बॅट बहिणीकडे ठेवली होती आणि मागितली तरी देऊ नकोस असं तिला बजावलं होतं. चौथ्या आठवड्यात मी मागितली. तिने दिली नाही.